वहिनी बाहेर बसते

वहिनीला जाऊन महिना होऊन गेला, तरी वाटेत भेटणारं माणूस हळूच विचारतं, "परत उलटला का हो?" मी सांगते, नाही, कॅन्सर बरा झाला होता, ती झोपेतच हृदय बंद पडून गेली. लोकांना पटत नाही. खरं तर मलाही अजून नीट पटलेलं नाही...

तिच्या स्तनातली गाठ काढल्यावर मुंबईच्या डॉक्टरांनी ब्रॅकीथेरपी सुचवली. सोबतीला मी, नणंद. गाठीच्या जागी बारीक पोकळ नळ्या घालायच्या, तारेच्या टोकाचा किरणोत्सर्गी कण यंत्रातून त्या नळ्यांत जाणार, काही मिनिटं थांबून परत यंत्रात येणार. अंगात काही उरत नाही, नातीला खुशाल जवळ घ्या, असं डॉक्टरांनी तिला समजावलं. तिने मान डोलावली.

आणि संगमेश्वरजवळच्या घरी परतल्यावर बाईसाहेबांनी पडवीत चटई टाकली. ताट वेगळं, तांब्या वेगळा. सून तान्ह्या मुलीला मांडीवर द्यायला गेली, तर हिने हात मागे घेतले. आम्ही चक्रावलोच. पाळीचे चार दिवस बाहेर बसणं आमच्या घरात हिनेच सासूशी भांडून बंद केलं होतं. मी डॉक्टरांच्या बोलण्याची आठवण दिली.

"ऐकलं गो मी सगळं," ती म्हणाली. "पण जरा बसू दे मला. कोणी हाक मारल्याशिवाय बसलेय कधी?"

ही भीती होती की विश्रांतीसाठी शोधलेली सबब? मला दोन्ही वाटायचं. पुढे तिने नातीला उचललं, चुलीपाशी गेली, भाताची लावणीही केली. पण पुढची चारही वर्षं दुपारी ती चटई अंथरायचीच. "मी बाहेर बसलेय, शिवू नका," म्हणायची आणि आम्ही हसून तिला एकटी सोडायचो. तेव्हा छातीत दुखत असेल का तिच्या? की नुसतंच बसायचं होतं? फार गोंधळ होतो जिवाचा.

बाराव्याला पंगत बसली, तरी चार वर्षांची नात कुठे दिसेना. बघते तर पडवीत चटईवर मांडी घालून बसलेली. जेवायला चल म्हटलं.

"मी बाहेर बसलेय," ती म्हणाली. "शिवू नका."

हसावं की तिला उचलून पोटाशी धरावं, कळेना. ताट मात्र मी पडवीतच नेऊन ठेवलं.