टेसनावरची दृष्ट

आमच्या गावचं छोट्या गाडीचं टेसन लय वर्सं बंद होतं. मी लगन होऊन आली तवा तिथं बकऱ्याच बसत. मंग त्याले रंगरोगन झालं, सागाचे दरवाजे चमकले, भितीवरचं जुनं घड्याय चालू झालं, अन् थे पाहाले चक्क बाहेरदेशातून लोकं येऊन राहिले! मले तिथं शेगडीवर चहा कराचं काम भेटलं. तिथला सायब म्हने, "एक दिवस पायतो. जमलं तं ठेवतो. अन् लेकरू आनू नको."

सासू कापूस येचाले गेलती. लेकरू ठेवू कोनापाशी? आन्लं! तिकिटाच्या खोलीत लुगड्याचा झोका बांधला अन् दार लोटलं.

बडनेऱ्याहून पावन्याइची मोटारगाडी आली. सोळा गोरे पावने! त्यातल्या एका बुढीनं फिरता फिरता थेच दार उघडलं अन् साऱ्याइले बलावलं. सोळाच्या सोळा मोबाईल माह्या सहा महिन्याच्या पोरीवर! पोरगी आधी हासली, मंग जे रडाले लागली, दूध घेईना, लालबुंद झाली. मले कळलं, दृष्टच लागली. मीठ, मोहरी, लाल मिरच्याची पुडी म्या घरूनच पदराले बांधून आन्लती. सायब बाहेर गाडीपाशी होता तवर त्यातलं मूठभर पोरीवरून सात खेपा उतरवलं अन् टाकलं शेगडीत.

पोरगी गप झाली. पन धूर! साऱ्याइले ठसका, अन् छताचं नवं यंत्र असं बोंबलाले लागलं, मले वाटलं टेसन उडते आता. पावने फलाटावर पयाले. सायब धावत आला.

"काय टाकलं वं शेगडीत? अन् हे लेकरू कोनाचं?"

"माहंच जी. दृष्ट काढली. साऱ्याइनं पायलं तं..."

"अवं, आगीचं यंत्र हाय थे!"

गेलं काम, म्हन्लं.

तेवढ्यात थेच बुढी खोकत, डोये पुसत आत आली. पावन्यासंगच्या गाइडबाईले काई इचारलं, तिनं सांगितलं. बुढीनं टोपी काढली अन् माह्यापुढं डोकं वाकवलं.

गाइडबाई हासून म्हने, "अवं, तिचीबी काढ म्हनते!"

पायलं तं तिच्यामागं लाइन लागलेली!

सायबानं मले हयूच इचारलं, "मिरच्या किती हायेत?"

"चारच उरल्या जी."

त्यानं फटफटीले किक मारली अन् गावाकडं निंगता निंगता वरडला, "शेगडी बाहेर घे, लिंबाखाली! अन् उद्यापासून झोकाबी तिथंच बांध!"