उशीवरची फुली

आमच्या नगरकडच्या गावातून मी नर्सिंग शिकायला निघालो तेव्हा आई चर्चमध्ये रडली. मुलगा देवाच्या सेवेला चालला म्हणून, असं मला वाटलं. नंतर कळलं, बायकांचं काम शिकायला चालला म्हणून. बनारसच्या मिशनच्या दवाखान्यात पुरुष नर्स मी एकटाच होतो. तिथे नर्सला हाक मारायची ती सिस्टर म्हणूनच, त्यामुळे रोग्यांनी माझं नाव पाडलं सिस्टरभैया. मी रागवायचो. रागवलो की ते आणखी मोठ्यानं म्हणायचे.

देश स्वतंत्र होऊन दहाबारा वर्षं झाली असतील. आमच्या मेट्रनबाईंनी ठरवलं होतं की क्षयाचा रोगी असलेल्या प्रत्येक घरात एका बाईला सुई टोचायला शिकवायचं. जी नीट शिकेल आणि घरच्यांची लेखी संमती आणेल, तिला दवाखान्याच्या नर्सिंगच्या वर्गात घ्यायचं. दुर्गाघाटावर एका मराठी भटजींच्या घरी त्यांच्या आईला मणक्याचा क्षय झाला होता. म्हातारी हिंदी सिस्टरशी बोलेना. मेट्रनबाई म्हणाल्या, "तुम जाओ, तुम्हारी बोली के लोग हैं."

बोली माझी, पण उंबरठा त्यांचा. म्हातारीच्या खोलीत परक्या पुरुषाला मज्जाव, त्यातून मी किरिस्ताव. मी ओसरीत बसायचं आणि घरातल्या विधवा सुनेला, म्हणजे भटजींच्या वहिनीला शिकवायचं, असं ठरलं. वय असेल तेवीस-चोवीस. तिला देवघरात जायला बंदी होती, पण सुई-पिचकारी उकळायला बसली की भांड्यावरून नजर हलायची नाही. दुसऱ्याच दिवशी तिनं मला विचारलं, "वर्गात राहायची सोय असते का हो?" त्या घरातून निघायची ती एकच वाट तिला दिसली होती.

कुल्ल्यावर सुई कुठे टोचायची, हे आम्ही उशीवर शिकवायचो. कोळशानं उभी रेघ ओढायची, मग आडवी. चार खण होतात. त्यातला वरचा, बाहेरचा खण तेवढा सुरक्षित, बाकी ठिकाणी पायाकडे जाणारी मोठी शीर, तिला सुई लागली तर पाय लुळा. मी उशी घेतली आणि झोकात फुली काढली. भटजी नेमके संध्या आटोपून येत होते.

"अहो कंपाउंडर! माझ्या घरात क्रूस काढता? उशी बाटवता?"

आतून म्हातारी ओरडली, "अरे, उशीला बाटवून तो काय करणार? ती काय चर्चमध्ये जाणार आहे?"

मी हसायला हवं होतं. चार खण समजावून सांगायला हवे होते. मी बाहीनं फुली पुसली. वर म्हणालो, "राहू द्या, तिची काही गरज नाही." आणि सुनेला सांगितलं की कमरेच्या हाडाखाली चार बोटं मोजायची आणि तिथे टोचायचं. दाखवायला बोटं माझीच धरली, माझ्याच जाड कमरेवर. म्हातारी वाळून काटकी झाली होती. तिच्या अंगावर चार बोटं खाली म्हणजे कुठे, हा विचार माझ्या मनात आला नाही. मी ओसरीत भिंतीकडे तोंड करून बसलो आणि मोठ्या ऐटीत म्हणालो, "टोचा!"

पहिले पाच दिवस नशिबानं निभावले. सहाव्या दिवशी म्हातारीनं अशी किंकाळी फोडली की खालच्या गल्लीतला दुकानदार धावत वर आला. संध्याकाळपर्यंत पाऊल लुळं पडलं.

"पांढऱ्या पायाची आहे," भटजी म्हणाले. "आधी भावाला खाल्लं, आता आईचा पाय."

मेट्रनबाईंनी मला विचारलं, "शिकवलं कसं होतं?"

"नेहमीसारखंच," मी म्हणालो.

त्यानंतर टोचायला दुसरी सिस्टर येऊ लागली, आणि दुभाष्या म्हणून मीही तिच्यासोबत रोज जात होतो. सून कोपऱ्यात भांडी घासत असायची. मी घरी येऊन गुडघे टेकायचो, तो पाय बरा कर म्हणून प्रभूची विनवणी करायचो. मनापासून करायचो, कारण पाय बरा झाला असता तर मला तोंड उघडावं लागलं नसतं.

पाऊल लुळं पडल्याच्या आठव्या दिवशी भटजींनी सांगितलं की वहिनींना मुन्शी घाटाजवळच्या एका खोलीत पाठवणार. तिथे आधीच चार विधवा राहत होत्या, भजनं म्हणून शिध्यावर दिवस काढायच्या. आधी लिहून दिलेल्या संमतीच्या कागदाचे त्यांनी दोन तुकडे केले होते.

तेव्हा मी उठलो आणि आयुष्यात पहिल्यांदा म्हातारीची खोली गाठली. उंबरठ्यातच ठेच लागून म्हातारीच्या खाटेवर जवळजवळ कोसळलो. पापाची कबुली गुडघे टेकून द्यावी म्हणतात, मी ती ओणव्यानं दिली. फुली का पुसली, बोटं कशी मोजायला लावली, मेट्रनबाईंशी काय खोटं बोललो, सगळं सांगितलं.

भटजींनी मला दंडाला धरून बाहेर काढलं. शिवल्याचं त्यांना भानच नव्हतं.

म्हातारीचा आवाज आला, "अरे, त्याला नंतर मार. आधी नवा कागद कर."

"आई, ही पुन्हा..."

"दुसरी बाजू शिल्लक आहे माझी. तिथे मला शिकलेला हात हवाय. ती भजनं म्हणत बसली तर सिस्टर यायची थांबल्यावर मला कोण टोचणार, तू?"

नव्या कागदावर भटजींनी सही केली. सून मला पायऱ्यांपर्यंत सोडायला आली. आभार मानेल असं मला वाटलं, एवढा मी मूर्ख. पदर सावरून तिनं विचारलं, "आठ दिवस तुम्ही कशाची वाट बघत होता?"

मी पायऱ्या उतरलो.

दोन आठवड्यांनी ती वर्गात दाखल झाली. खरं कळल्यावर मेट्रनबाईंनी शिकवण्याचं काम माझ्याकडून काढून घेतलं, ते योग्यच केलं. म्हातारी पुढे तीन वर्षं जगली, पाऊल फरफटत. सून सिस्टर झाली, मग प्रसूतीचा वॉर्ड तिच्याकडे आला. तिच्यानंतर दुर्गाघाटाच्या आणखी तिघी तिचं बोट धरून आल्या. एकाच दवाखान्यात आम्ही एकवीस वर्षं काम केलं, एकाच टेबलावर चहा घेतला. तो प्रश्न तिनं पुन्हा विचारला नाही, आणि मीही आपण होऊन उत्तर दिलं नाही.