उलार झालेलं विमान

मी माझ्या सासऱ्यांना कधी आवडले नाही, आणि ते मला. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढं कुणी मला समजूतदार सून वगैरे म्हणायला नको.

दुपारी जेवणं उरकली, भांडी पालथी पडली, की मी आतल्या खोलीचं दार लोटून हिमालयात माल पोचवायला जायचे. कॉम्प्युटरवर. साताऱ्यात मी कॉम्प्युटरचा क्लास चालवायचे. तो बंद पडला तेव्हा एक मशीन घरी घेऊन आले, तेच हे. विमान चालवायचा तो खेळ होता, पण त्याला खेळ म्हटलं की माझ्या नाकाला मिरच्या झोंबायच्या. लहानसं मालवाहू विमान, पोटात तांदूळ, छपराचे पत्रे, औषधांची खोकी. दोन्ही बाजूंना डोंगर, मधून नदीच्या दरीनं वळत वळत वर चढायचं. वर हवा विरळ, इंजिनाला धाप लागते. धावपट्टी चढावर, आखूड, तिच्या टोकाला सरळ डोंगराची भिंत. एकदा उतरायला लागलं की परत फिरायला जागा नाही. खंबाटकीचा घाट मी आजवर स्वतः गाडी चालवत चढलेले नाही, कारण गाडीची किल्ली नवऱ्याच्या खिशात. त्या दरीत मात्र मला कुणी विचारणारं नव्हतं. तास-दीड तास चहा टाक, दार उघड, कुठं गेली होतीस, यातलं काही ऐकू यायचं नाही. दिवसातला तेवढाच वेळ माझा होता आणि तो मी कुणाला देणार नव्हते.

सासरे फौजेतून निवृत्त झालेले. आमच्या गावात घरटी एक फौजी, त्यामुळं नुसतं फौजी असून भागत नाही, सांगायला काहीतरी लागतं. सासऱ्यांकडं ते होतं. विमानाच्या उघड्या दारात उभं राहून ते बर्फातल्या चौक्यांवर माल ढकलायचे. डाव्या भुवईवर एक जुना व्रण होता, तो म्हणे विमान हेलपाटलं तेव्हा लोखंडी पेटी लागून झालेला. दर पंधरा ऑगस्टला गावातल्या शाळेत ते हे सांगायचे आणि पोरं व्रणाकडं बघत बसायची. मीही लग्नानंतर पहिल्या वर्षी बघत बसले होते.

घरात मात्र त्यांचा मोर्चा माझ्या स्वयंपाकावर. "चपाती काठाला कच्ची हाय." "पीठ मुरू दिलं न्हाईस." अंगणात बसून त्यांना वासावरून कळायचं की फोडणीत हिंग आधी पडला की मोहरी. सोळा वर्षांत त्यांनी एकदाही स्वयंपाकघराचा उंबरा ओलांडला नाही, पाण्याचा तांब्यासुद्धा हातात द्यावा लागे, आणि तरी हा माणूस एका घासात माझी चूक नेमकी काढायचा. ती खरी असायची याचा मला जास्त राग यायचा. त्यात वर, "गाडीवानाची लेक, हिला काय कळणार," हे ठरलेलं. माझे वडील फलटणकडं बैलगाडीनं कारखान्याला ऊस वाहायचे. त्यात लाज वाटण्यासारखं काय आहे ते मला आजही कळलेलं नाही.

एका रविवारी त्यांनी जाहीर केलं की कॉम्प्युटर सांगलीला नणंदेकडं द्यायचा. तिच्या घरी तो कामाला येईल, इथं बाई दारं लावून पोरखेळ करते. नवरा भिंतीकडं बघत राहिला. तो नेहमीच तिकडं बघतो.

मी म्हटलं, "पोरखेळ न्हाई मामंजी. तुमी जे करत हुता तेच करती मी. वर माल पोचवती."

हे मी मुद्दाम बोलले. ते कुठं लागेल हे मला माहीत होतं.

ते एकदम उठून बसले. "तेच? बरं. आत्ता बगूया. माज्या सांगण्यापरमानं माल भरायचा. वर उतरवून दावलास तर ऱ्हाऊ दे ते डबडं हितंच. न्हाई दावलास तर उद्या सांगलीला." आणि साक्षीला म्हणून त्यांनी समोरच्या घरातल्या त्यांच्या दोस्ताला हाक मारली. तेही फौजीच, सासऱ्यांच्या गोष्टीला मान डोलावणारे.

चौघं आतल्या खोलीत जमलो. सासरे माझ्या खुर्चीच्या पाठीमागं उभे राहिले आणि हुकूम सोडायला लागले. मी आकडे भरत होते. आटा इतका, डाळ इतकी, साखर, चहापत्ती, दूध पावडर, घासलेट. अमुक जवान, अमुक दिवस, म्हणजे आटा किती, हे त्यांनी तोंडानं हिशेब न करता सांगितलं. पडद्यावर विमानाच्या पोटाचे तीन खण दिसतात, पुढचा, मधला, मागचा. ते म्हणाले, "समदं मागल्या दारापाशी लाव. पोचल्या पोचल्या तेच हाताला लागतंय."

मी थांबले. वडील गाडी भरून झाली की बैल जुंपायच्या आधी जू एका हातानं उचलून बघायचे. हाताला थोडं वजन लागलं पाहिजे, म्हणजे तेवढंच बैलाच्या मानेवर येतं. जू आपसूक वर उठलं तर ऊस मागं जास्त झाला, गाडी उलार. तशीच हाकली तर चढाला गाडीचं तोंड आभाळाकडं जातं आणि बैल गळ्यातल्या जुपण्यांना लटकतात. विमानाचंही अगदी हेच असतं. पडद्यावर लाल खूणसुद्धा आली होती.

"मामंजी, माल मागं लय झाला. उलार हुईल."

"मला शिकवतीस? आयुष्य गेलं माजं ह्यात. गाडीवानाची लेक ती. गप लाव. आणि त्ये घासलेट आट्याजवळ ठिवू नगं. चपातीला वास येतोय, मंग जवान थाळी फेकून मारत्यात."

बोलता बोलता त्यांचा हात भुवईवर गेला. व्रणावर. क्षणभरच.

माझी बोटं जागच्या जागी थांबली. वासावरून ओळखलेला हिंग, काठाला कच्ची चपाती, न मोजता सांगितलेला आटा, आता ही फेकलेली थाळी आणि भुवईवरचा व्रण, सगळं एकदम समोर आलं. विमानात उभ्या राहिलेल्या माणसानं वजनाचा विचार केला असता. ह्यांनी चपातीच्या वासाचा केला.

तरी मी गप्प बसले. त्यांनी सांगितलं तसाच माल भरला, घासलेट लांब ठेवलं आणि विमान सोडलं. ते धावपट्टीच्या निम्म्यातच उठलं, नाक वर, अजून वर. मी दांडा पुढं ढकलत होते, पण नाक खाली येईना. मग ते हवेतच थबकलं, एका पंखावर कलंडलं आणि नदीच्या दगडांत जाऊन आपटलं.

"झालं?" सासरे टाळी वाजवून दोस्ताला म्हणाले. "बगितलंस? हिच्या हातानं असलं कवा व्हायचंय! उद्याच धाडा सांगलीला."

नवरा वायर काढायला खाली वाकला. खरंच वाकला. त्याच्या त्या वाकलेल्या पाठीकडं बघून माझं डोकं फिरलं.

"मामंजी," मी म्हटलं, "तुमी लंगरात हुता न्हवं? सैपाकाला?"

सासऱ्यांचा हात परत भुवईवर गेला आणि तिथंच राहिला. त्यांनी नाही म्हटलं असतं तर मी काय करणार होते? माझ्याकडं पुरावा काहीच नव्हता. पण ते नाही म्हणाले नाहीत.

शेवटी दोस्तच बोलले, फार मायेनं. "आरं मंग त्यात काय झालं गड्या? बर्फात गरम चपाती घालणारा देवच की रं. आदी सांगायचं न्हाईस व्हय?"

त्या मायेनं सासरे जास्त खचले. ते बाहेर गेले. वायर नवऱ्याच्या हातात तशीच राहिली, मग त्यानं ती परत लावली.

कॉम्प्युटर राहिला. दार कुणी ढकलत नाही. पंधरा ऑगस्टला शाळेतून बोलावणं आलं तेव्हा सासऱ्यांनी गुडघा धरल्याचं सांगितलं. दोस्त येतात, दोघं पावसापाण्याचं बोलतात. मी माफी मागितली नाही. सोळा वर्षांत त्यांनी माझी एकदाही मागितली नव्हती, मग मीच का मागू?

फक्त जेवणाबद्दल ते आता काही बोलत नाहीत. चपाती करपो, भात गिच्च होवो, पानात पडेल ते खाऊन उठतात. सुरुवातीला मला बरं वाटलं. मग करमेना. परवा मी मुद्दाम आमटीत मीठ घातलंच नाही, चिमूटभरसुद्धा नाही. म्हटलं, आता तरी ओरडतील, भांडू आपण. ते भुरका मारून क्षणभर थांबले. वाटीत बघितलं. मग सगळी आमटी संपवली, ताट उचललं, पहिल्यांदाच स्वयंपाकघराचा उंबरा ओलांडून आत आले, ताट स्वतः घासून पालथं घातलं आणि माझ्याकडं न बघता निघून गेले. मी माझ्या आमटीत मीठ घालून घेतलं, पण वाटी तशीच ठेवून उठले.