शेठचं नाव नसलेला निकाल

"तुझ्या बापाला मी जेलातून काढला. आणि तू मला टाइम नाय म्हणून सांगतेस?"

शेठ छत्री घेऊन आपल्या भातखाचराच्या बांधावर उभा होता. चिखलात वाकलेल्या पंधरा बायका ऐकत होत्या. मी नुकतीच बारावी पास झाले होते. मुरबाडला कामाची मुलाखत आहे, उद्या आवणीला, भाताची रोपं लावायला, येणार नाही, एवढंच मी म्हटलं होतं. बायका हसल्या. शेठ हसला म्हणून हसल्या. बाबाने रोपांची मूठ उचलली आणि तो पुन्हा वाकला.

दुसऱ्या दिवशी मी आवणीलाच गेले. मुलाखत बुडाली.

टोकावड्याकडच्या आमच्या पाड्यात ही गोष्ट सगळ्यांना पाठ होती. मी लहान असताना बाबावर सागाची लाकडं चोरल्याची केस झाली. तो सुटला. शेठ म्हणाला, मी साहेबाकडे शब्द टाकला. तेव्हापासून दरवर्षी आमची आवणी मागे राहायची आणि पहिले आठ दिवस बाबा, आई, मी शेठच्या खाचरात. फुकट. वर बाबाचं नाव चोरच राहिलं. सुटलेला चोर.

मी म्हटलं, निकालाचा कागद आणू. बाबा घाबरला.

"नको गो. कागद मागितला तं केस परत उघडंल."

अख्ख्या पाड्याची हीच समजूत होती. कोर्टाला आपली आठवण करून द्यायची नाही. भीती आम्ही पाळायची, दूध शेठने काढायचं.

चार दिवस मी बाबाच्या मागे लागले. शेवटी त्याने पत्र्याच्या पेटीतून कोर्टाच्या तारखेची जुनी चिठ्ठी काढली. तिच्यावर केस नंबर होता. अर्ज मी लिहिला, अंगठा बाबाचा. वर कोर्ट फीचा स्टॅम्प.

मुरबाडच्या कोर्टात नकलेच्या खिडकीवरच्या बाबूने अर्ज दोन बोटांनी धरला.

"नक्कल कशाला? वाचतो कोण तुमच्यात? वकील घेऊन ये. असल्यांना आम्ही नाही देत."

बाबा चपला हातात घेऊन मागे उभा. बाबूच्या अंगात मोठेपण होतं ते फक्त खुर्चीचं. ती काढली असती तर खाली काही उरलं नसतं.

"नाय देत तं तसं अर्जावर लिहा," मी म्हटलं. "खाली सही करा."

त्याने पेन उचललं नाही. अर्ज घेतला आणि पोच दिली.

तीन आठवड्यांनी शिक्क्याची नक्कल मिळाली. तिथेच आवारात मी ती बाबाला वाचून दाखवली. लाकडं त्याच्याकडे सापडलीच नव्हती. एकाही साक्षीदाराने त्याला ओळखलं नव्हतं. निर्दोष मुक्तता.

"शेठचा नाव कुठं लिवलाय?" बाबाने विचारलं.

मी पुन्हा वाचलं, सावकाश. कुठेच नव्हतं. मला शेठची किळस आली. त्याहून जास्त माझी, कारण मीही इतकी वर्षं न विचारता वाकले होते.

पुढच्या आवणीला शेठ आमच्या अंगणात बोलवायला आला. मी नक्कल मोठ्याने वाचली. शेजारची माणसं बाहेर आली.

"कागदात सगळं लिवत नाय," शेठ म्हणाला.

"मग तुमी लिहून द्या. कुठल्या साहेबाला काय सांगितलं ते. खाली सही करा."

तो छत्री न उघडताच पावसात निघून गेला.

त्या वर्षी पहिलं रोप आमच्या खाचरात लागलं. आता पाड्यात कुणी उपकार सांगत आला, तर मी त्याला बसायला सांगत नाही. कागद मागते.