हुशार माणसाची मान

आमच्या ह्यांना पहिल्यांदा हुशार कोण म्हणालं, ते मला एकदा कळायला पाहिजे. त्या माणसाला पिंपळे गुरवला आणून आमच्या घरात आठ दिवस ठेवते. मग बघते, पुन्हा कुणाच्या पोराला हुशार म्हणायची हिंमत होते का.

हे म्हणजे गणराज, माझे मालक. लातूरकडच्या आमच्या गावात दहावीला पहिले आले, तेव्हापासून हुशार. त्या एका शिक्क्यावर माझ्या बापानं डोळे झाकून मुलगी दिली. माणूस वाईट नाही, खोटं कशाला बोलू. पण ‘मला कळलं नाही’ एवढं वाक्य यांच्या तोंडून मी लग्न झाल्यापासून ऐकलं नव्हतं. रस्ता चुकून भलतीकडेच जाऊ, पण गाडी थांबवून कुणाला विचारतील तर शपथ. नवा मिक्सर आणला तेव्हा दुकानदार जीव तोडून सांगत होता आणि हे मान हलवत होते. घरी आल्यावर चटणी थेट छताला लागली. नंदीबैलाची मान हलायला कुणीतरी ढोल तरी वाजवावा लागतो. यांची आपोआप हलते.

ह्यांच्या चाकणच्या कंपनीत वेल्डिंगचा नवा रोबो आला. तो चालवायला ह्यांना निवडलं. हुशार ना! यांच्याबरोबर निघोज्याचा ज्ञानेश. तो तिथल्या शेतकऱ्याचा मुलगा, सकाळी म्हशीची धार काढून कामावर येणारा. त्याला लाइनवर सगळे ‘ढ’ म्हणतात, कारण तो एकच गोष्ट चारदा विचारतो. हेही घरी येऊन त्याच्या नकला करायचे. ‘पुन्यांदा सांगा साहेब, माझ्या डोक्यात न्हाई शिरलं.’ आम्ही हसायचो. आमची संस्कृती, सहावीत आहे, तीपण हसायची.

मशीनवाल्यांचा साहेब तीन दिवस शिकवायला आला. अर्धं हिंदी, अर्धं इंग्रजी, आणि बोलणं असं की श्वास घ्यायला थांबायचा नाही. तीन दिवस संपले, मध्ये कंपनीची गुरुवारची सुट्टी आली, आणि शुक्रवारी साहेब रोबो ह्यांच्या हातात देऊन जाणार होता.

तो गुरुवार मी विसरणार नाही. सकाळपासून ह्यांचा पाय घरात ठरेना. गॅलरीत जायचे, आत यायचे, फ्रीज उघडून नुसते बघायचे, परत गॅलरीत. पोहे तसेच राहिले. मी विचारलं तर म्हणे, “काही नाही, तू तुझं काम कर.” दुपारी संस्कृती शाळेतून आली तर तिला गणित शिकवायला बसले. भराभर सांगितलं आणि विचारलं, “कळलं का?”

पोरीनं मान हलवली.

मी कणीक मळत होते, माझा हात तिथंच थांबला. तीच मान! अगदी बापाची. मग ह्यांनी तिला गणित घातलं, ते तिला येईना, आणि हे तिच्यावर असे ओरडले की शेजारचा दरवाजा उघडला. “एवढंही कळत नाही? बैल आहेस का?” पोर रडत आत गेली.

माझं डोकंच फिरलं. “तिच्यावर कशाला राग काढताय? काय झालंय ते बोला!”

तेव्हा हे मटकन खाली बसले. म्हणाले, “भिमामावशीचा हात गेला तर काय करू, विजू?”

भिमामावशी आमच्याच गल्लीतली. ह्यांच्याच कंपनीत ठेकेदाराकडून कामाला आहे. रोबोच्या पुढ्यात लोखंडी पार्ट बसवायचं काम तिचं. रोबो थांबला की ह्यांनी इशारा करायचा आणि मावशीनं आत हात घालायचा. पण रोबो दोन तऱ्हेनं थांबतो म्हणे. एकदा खरोखर थांबलेला असतो. एकदा नुसती पार्टची वाट बघत असतो आणि पार्ट बसला रे बसला की हात फिरवतो. कुठल्या वेळी कुठला, हे ओळखायचं कसं, ते ह्यांना तीन दिवसांत कळलेलंच नव्हतं. आणि तीन दिवस हे मान हलवत होते.

मी संतापले. खरं सांगते, घाबरलेही. “आत्ता उठा,” म्हटलं, “ज्ञानेशभाऊजींकडं जाऊ.”

“त्या ढ माणसाला विचारू?”

“मग मावशीला जाऊन सांगा, हात सांभाळ म्हणून!”

निघोज्याला पोचलो. भाऊजींनी अंगणात खाट टाकली, चहा आला. आणि आमचे हे काय बोलतात? म्हशीला दूध किती, रस्त्याचं काम कधी होणार, कांद्याला भाव काय! चहा संपला तरी विषय निघेना. हे उठून चपला घालायला लागले. मला राहवेना. “भाऊजी,” मी म्हटलं, “ह्यांना तो रोबो कळलेला नाही.”

ह्यांनी माझ्याकडं असं बघितलं की मला वाटलं, आता मला घरी चालतच जावं लागणार.

भाऊजी हसले नाहीत. डोकं खाजवत म्हणाले, “मला तरी कुठं समदा कळलाय, वहिनी? ते वाट बघण्याचंच माझ्यापन डोक्यात न्हाई शिरलं. मी दोनदा इचारलं, पन मंग साहेब चिडलं.” मग ह्यांच्या खांद्यावर हात ठेवला. “गणराजभाऊ, तुमी नका टेन्शन घेऊ. उद्या मीच परत हात वर करतो. तुमी निस्ते बाजूला हुबं राहा आन् ऐका. मला काय, येडं म्हनून घ्यायची सवय हाय.”

घरी आल्यावर हे जेवले नाहीत. मलाच लाज वाटत होती. त्या माणसाच्या नकलांना मी घरात बसून हसले होते.

शुक्रवारी काय झालं ते त्याच संध्याकाळी भिमामावशीनं येऊन सांगितलं. साहेबानं सकाळी सगळ्यांना उभं केलं, विचारलं, “समझ गये ना? कोई डाउट?” ज्ञानेशभाऊजींचा हात वर गेला. मागून कुणीतरी म्हणालं, “आला आपला ढ!” सगळे फिदीफिदी हसले. तेवढ्यात हे पुढे झाले.

“सर, डाउट त्याचा नाही, माझा आहे. रोबो थांबलाय का वाट बघतोय, ते मला कळलेलं नाही.”

साहेबाचा चेहरा उतरला. “तीन दिन आप क्या कर रहे थे?”

“मान हलवत होतो, सर,” हे म्हणाले.

कुणी हसलं नाही म्हणे. साहेबानं मशीन बंद केलं आणि सगळं पहिल्यापासून सांगितलं, सावकाश. तरीही मॅनेजरनं ह्यांना रोबोवरून तूर्त काढलं आणि ज्ञानेशभाऊजींना बसवलं. हे आता त्यांच्या हाताखाली आहेत. लाइनवर ह्यांना काय काय म्हणतात, ते मावशीनं सांगितलं नाही, मीही विचारलं नाही.

मी मावशीला एवढंच विचारलं, “मावशे, हात तुझे जाणार होते. तुला तरी कळलं होतं का?”

“मला कुठलं कळतंय गं!”

“मग विचारलं का नाहीस?”

“तुझा नवरा मान हलवीत होता की,” मावशी म्हणाली. “एवढा हुशार माणूस हो म्हणतोय म्हटल्यावर मी कोण इचारणारी?”

हे आतच बसले होते. त्यांनी ते ऐकलं. मावशी गेली. मला वाटलं, आता उठतील आणि परत गॅलरीच्या फेऱ्या सुरू होतील. उठले खरे, पण संस्कृतीच्या शेजारी जाऊन बसले. कालचंच गणित काढलं. हळू सांगितलं. मग विचारलं, “कळलं का?”

पोरीची मान हलायला लागली.

“मान नको,” हे म्हणाले. “तोंडानं सांग.”

तिनं आधी माझ्याकडं बघितलं, मग बापाकडं. घाबरतच म्हणाली, “नाही.”

त्यावर आमच्या घरात त्या दिवशी कुणी ओरडलं नाही.