चिठ्ठीत आलेला व्हाइस

राजेश्वरी मॅडम आमच्या आयटीआयमध्ये फिटरच्या मुलांना शिकवायला आल्या, तेव्हा मी मनात म्हटलं, दिवाळीपर्यंत टिकल्या तरी खूप. मी ड्रॉइंग आणि गणित शिकवतो, घोरावाडीहून येतो, आणि माणसांबद्दलचे माझे अंदाज बहुधा चुकतात. मॅडम टिकल्या, वर आम्हालाच कामाला लावलं.

पाठटाचण म्हणजे मागच्या वर्षीचं काढायचं, तारीख बदलायची आणि सही घ्यायची, ही आमची रीत. मॅडम दर आठवड्याला नवं लिहितात. यंदा त्यांच्या वर्गात छकुली आली. डोंगरावरच्या ठाकरवाडीतली, बोलायला कमी आणि डावखुरी. मॅडम उजव्या हातानं लोखंड घासायची कानस चालवून दाखवायच्या आणि ही पोरगी आरशात बघून वेणी घालावी तशी मनातल्या मनात सगळं उलटं करत बसायची. मॅडमना ते दिसलं. त्यांनी घरी डाव्या हातानं कानस मारायचा सराव केला, बोटं सोलून घेतली, आणि मग प्रत्येक गोष्ट वर्गाला दोनदा दाखवायला लागल्या. एकदा उजव्या हातानं, एकदा डाव्या.

"एका मुलीसाठी एवढा खटाटोप?" मी विचारलं.

"इतकी वर्षं मी फक्त उजव्या हातांनाच शिकवत होते, सर. तेव्हा कुणी विचारलं होतं का, फक्त उजव्यांसाठीच का म्हणून?"

मी चहाकडे लक्ष दिलं.

छकुलीला त्यांनी रांगेतला डावीकडचा शेवटचा व्हाइस, म्हणजे टेबलावरचा लोखंड पकडायचा शिकंजा, दिला. कानस मागे ओढताना तिचं डावं कोपर बाहेर येतं; डावीकडे कुणी असेल तर त्याचं उजवं कोपर आणि तिचं डावं एकमेकांवर आदळणार. पण तो व्हाइस खिडकीजवळचा, उजेडाचा. त्याच वर्गातल्या सार्थकचे वडील हौशीराम भाऊ एकदा पोराची चौकशी करायला आले आणि त्यांच्या नजरेतून ते सुटलं नाही.

"मॅडम, उजेडाची जागा त्या एकाच पोरीला का? आमचं पोरगं काय अंधारात शिकायला आलंय व्हय?"

भाऊंचं पुरतं चुकीचं नव्हतं, म्हणूनच मॅडमना ते लागलं. नवलाख उंबरे गावाजवळच्या एका कारखान्यानं त्याच आठवड्यात आमच्याकडे अप्रेंटिससाठी एक नाव मागितलं. मॅडमनी ठरवलं, चाचणी घ्यायची आणि पहिल्या येणाऱ्याचं नाव द्यायचं. कुणाला बोट दाखवायला जागा नको म्हणून त्यांनी व्हाइससाठी चिठ्ठ्या काढल्या. जॉब, म्हणजे मुलांनी घडवलेला तुकडा, तपासायची त्यांची पद्धत आधीपासून ठरलेली. लोखंडी तुकड्यावर मुलाचा नंबर ठोकलेला असतो. ती बाजू खाली ठेवायची, मोजमाप घ्यायचं, गुण लिहायचे आणि मगच तुकडा उलटायचा. या पद्धतीचा त्यांना अभिमान होता, आणि मलाही त्यांचा होता, फक्त मी तो कधी सांगितला नाही.

चाचणी झाली. तुकड्यात खाच कापायची आणि दुसरा तुकडा तिच्यात फटीशिवाय बसवायचा, एवढंच काम. संध्याकाळी मॅडम तपासत होत्या आणि मी गाडीची वेळ होईपर्यंत समोर बसलो होतो. सगळे जॉब संपले तरी त्या ट्रेमध्ये काहीतरी शोधत राहिल्या.

"छकुलीचा जॉब दिसत नाही," त्या म्हणाल्या.

"नंबर न बघता तुम्हाला कसं कळलं?"

मॅडमचा चेहरा उतरला. डावखुऱ्या माणसाच्या कानशीचे ओरखडे उलट्या बाजूला कलतात. म्हणजे इतके महिने तिचा तुकडा त्यांना पहिल्या नजरेत ओळखू येत होता. त्यांनी एकेक जॉब उलटला. छकुलीचा नंबर सगळ्यात वेड्यावाकड्या तुकड्यावर निघाला, आणि त्यावरचे ओरखडे उजव्या हाताचे होते.

दुसऱ्या दिवशी त्यांनी तिला विचारलं.

"चिठ्ठीत मधला व्हाइस आला, मॅडम. डावीकडं सार्थक हुता. माजं कोपर त्याला लागलं असतं, त्याचा जॉब बिघडला असता. मग उजव्या हातानं केलं."

"मला सांगायचं नाही?"

"तुमी चिठ्ठ्या काढल्या हुत्या ना."

मॅडम वर्गात गेल्या आणि सरळ म्हणाल्या, "चिठ्ठ्या काढल्या ही माझी चूक. चाचणी परत होणार. ज्यानं त्यानं आपापल्या रोजच्या व्हाइसवर उभं राहायचं." सार्थकनं कुरकुर केली. त्याचा जॉब पहिला आला होता, तेव्हा त्याची कुरकुर रास्तच होती. मॅडमनी ऐकून घेतली आणि त्याच्या हातात नवा तुकडा दिला.

या वेळी मोजायला मला बसवलं. ओरखडे कुठल्या बाजूला कलतात हे मला बघूनही कळत नाही, म्हणून. मॅडम दाराबाहेर उभ्या राहिल्या. मी प्रत्येक जोडी खिडकीच्या उजेडात धरून पाहिली. शेवटी दोनच जोड्या उरल्या. एकीतून उजेड मुळीच दिसेना. दुसरीत एका कोपऱ्यात केसाएवढी रेघ दिसत होती. मी पुन्हा धरली, तिसऱ्यांदा धरली. मला ती रेघ नको होती, हे कबूल करतो. तुकडे उलटले. रेघ छकुलीची होती.

कारखान्याला सार्थकचं नाव गेलं. मला वाईट वाटलं, आणि मॅडमचा रागही आला. एवढं सगळं करून शेवटी तेच, असं मी त्यांना बोललोही. त्या टेबलावरचे जॉब गोळा करू लागल्या.

तपासलेले जॉब भंगाराच्या पेटीत जातात. छकुली आली, पेटीत हात घातला आणि आपली जोडी बाहेर काढली. खिडकीपाशी नेऊन बराच वेळ त्या रेघेकडं बघत उभी राहिली.

"मॅडम, ह्यो घरी न्हेऊ का? आईला दावायचाय."

"पहिला नाही आला गं," मॅडम म्हणाल्या.

"व्हय. पर ह्यो माजा हाय."

आदल्या चाचणीचा, उजव्या हातानं केलेला तिचा तुकडा त्याच पेटीत वर पडला होता. त्याला तिनं हातही लावला नाही.