कॅरिअरवरची गादी

माघ शुद्ध दशमी, सन १९३१, अलिबाग. नवसाची रक्कम रुपये अकरा. नवस बोलताना हजर होतो मी, माझी आई, मेहुणा आणि अंथरुणावर माझी पत्नी. विषमज्वराने तिला उठून बसायचेही त्राण नव्हते. मी म्हणालो, "ही उठली की हिला सायकलवर बसवून हरिहरेश्वराला नेईन, तिथल्या देवीची ओटी भरीन आणि अकरा रुपये ठेवीन." माझ्या सायकलीला ती सवत म्हणायची. तापातही हसून म्हणाली, "अहो, आधी त्या कॅरिअरला गादी तरी शिवून आणा."

मी गादी शिवून आणली. ती गेली.

वर्षश्राद्ध झाल्यावर आईने नवसाची आठवण दिली. मी साफ सांगितले की काम झालेले नाही, देणे लागत नाही. आई म्हणाली, "घरात दोन पोरं आहेत. देवाचं अंगावर ठेवू नकोस." भक्तीने नव्हे, या धाकाने मी निघालो. रिकाम्या गादीवर खण, तांदूळ आणि नारळ एका फडक्यात बांधला. रेवदंड्याला एक खाडी होडीने ओलांडली, मुरुडला मुक्काम केला, आगरदांड्याहून दुसऱ्या होडीने दिघीला उतरलो. सगळ्या वाटेवर मी देवीशी मनातल्या मनात भांडत होतो. माझे म्हणणे खोडून काढता येण्यासारखे नव्हते, आजही नाही.

बोर्ली पंचतनच्या अलीकडे मागचे चाक पंक्चर झाले. उतरून पाहतो तर गादीवर गाठोडे नाही. वाटेतल्या दगडधोंड्यांत कुठेतरी सुटून पडले असावे. खरे सांगायचे तर मला बरे वाटले. देवीलाच नको आहे, असे म्हणून मी पंक्चर काढले आणि सायकल घराच्या दिशेने वळवली.

तेवढ्यात त्याच वाटेने एक म्हातारी मुसलमान बाई येताना दिसली. तिने गाठोडे पदरात धरले होते.

"ओ भाऊ! ही ओटी तुमचीच ना? हाका मारून घसा सुकला माझा. कान घरी ठेवून आलाव काय?"

"असू द्या चाची. मी परत चाललोय."

"ओटी रस्त्यात टाकून? घरवाली काय म्हणंल?"

"घरवाली नाही. तिच्यासाठीच नवस होता."

मग तिने गाठोडे स्वतः गादीवर ठेवले आणि दोरी घट्ट आवळली. "भांडायचं हाय ना? मग तिथं जाऊन भांडा. अर्ध्या वाटेत कोण ऐकतंय? आन् येताना खोबरं आणा माझ्यासाठी, मैलभर मागं आलेय मी."

ती मागे का आली, ते मला माहीत नाही. गाठोड्यात चोरण्यासारखे काही नव्हते आणि परत देण्याची सक्तीही नव्हती. मी सायकल पुन्हा वळवली.

हरिहरेश्वराला पोचलो तेव्हा लोक भोवती जमले. "अलिबागेहून सायकलवर? शाबास!" त्या शाबासकीचा मला राग आला. इतकी वाट तुडवून पोचलो, पण जिला आणायचे तिला आणलेच नव्हते.

गुरव म्हणाला, "ओटी बाईनं भरायची. बाई कुठाय?"

इतका हिशेबी मी, पण हे माझ्या ध्यानातच आले नव्हते.

"तिच्याच दुखण्याचा नवस होता. ती गेली."

"मग काम कुठं झालं? काम न्हाय झालं तर नवस फिटला म्हणायचा. पैसे ठेवा खिशात."

दोन दिवस देवीला ऐकवायचे ठरवलेले माझेच म्हणणे तो मला सांगत होता. मी खिशातून हात काढला तेव्हा मुठीत रुपये होते.

"बोललो होतो," एवढेच मला म्हणता आले.

गुरवाने आपल्या बायकोला हाक मारली. तिने नाव विचारले. वर्षभरात घरात कोणी न उच्चारलेले पत्नीचे नाव मी मोठ्याने सांगितले, आणि तिने त्या नावाने ओटी भरली. भांडायचे राहूनच गेले. मन शांत झाले असे मी लिहिणार नाही. पण जे मिळाले नाही त्याचेही देऊन मोकळे होता येते, हे मला तिथे कळले. तेवढे मला कळावे म्हणून मागून हाक मारणारी ती बाई पाठवली गेली, असे मी मानतो.

शेवटी दिले ते असे: देवीला रुपये अकरा, पुरे. परतीच्या वाटेवर चाचीला अर्धा नारळ. गादी अजून कॅरिअरवर आहे.